प्रवास विमा कंपन्यांना खुलं पत्र: मुरगळलेल्या पायाचं काय?

प्रवास विमा विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे प्रमुख, आणि त्यांच्या वतीने चोवीस तास फोन घेणारी सहाय्य केंद्रं यांस,

सप्रेम नमस्कार.

परदेशी सहलींचे गट घेऊन जाणं हा माझा व्यवसाय आहे. गटातल्या कुणाला काही दुखलं-खुपलं की पॉलिसीवरचा नंबर फिरवायचं काम माझ्याकडे येतं. त्या नात्याने हे पत्र लिहिते आहे.

आधी तुमचं जे चांगलं आहे ते सांगते. मोठं संकट आलं की तुम्ही उभे राहता. हृदयविकाराचा झटका आला, अपघातात मांडीचं हाड मोडलं, की तुमची यंत्रणा हलते. रुग्णालयाला पैशांचं हमीपत्र जातं, तुमचे डॉक्टर तिथल्या डॉक्टरांशी बोलतात, परतीच्या विमानात स्ट्रेचरची सोय होते. घाबरून गेलेल्या कुटुंबाला अशा वेळी केवढा आधार वाटतो हे मी जवळून पाहिलं आहे, आणि त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे.

पण प्रवासात एवढं मोठं क्वचितच घडतं. नेहमी घडतं ते लहान. दगडी फरसबंदीवर पाय वळतो. हॉटेलच्या बाथटबमधून बाहेर येताना तोल जातो आणि माणूस हातावर पडतो. बसच्या पायरीवर नडगी सोलवटते. समुद्रकिनाऱ्यावर टाचेत काच जाते. यातलं काहीच जिवावरचं नसतं. पण माणूस परक्या गावात असतो, भाषा येत नाही, दवाखाना कुठे ते माहीत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी किंवा विमान पकडायचं असतं आणि पाय डोळ्यांदेखत सुजत जातो. त्या पहिल्या तासात काय करायचं एवढंच त्याला कुणीतरी सांगायला हवं असतं. नेमक्या त्या तासासाठी तुमच्या पॉलिसीत काहीही नाही. जे आहे ते नंतरचं आहे: फॉर्म, पावत्या, पडताळणी आणि काही आठवड्यांनी येणारं उत्तर.

तुमच्या सहाय्य केंद्राला फोन केल्यावर काय होतं ते सांगते. बऱ्याचदा पॉलिसीवर छापलेला टोल-फ्री नंबर परदेशातल्या रोमिंगवरून लागतच नाही. दुसरा नंबर कागदांत खोल कुठेतरी असतो. तो लागला की आधी ध्वनिमुद्रित सूचना, मग रांग, मग एक नम्र आवाज. तो पॉलिसी क्रमांक विचारतो, पासपोर्ट क्रमांक विचारतो, जन्मतारीख विचारतो, प्रवासाच्या तारखा विचारतो. शेवटी केस नंबर देऊन सांगतो, "तुम्ही जवळच्या दवाखान्यात उपचार घ्या, बिलं जपून ठेवा, क्लेम फॉर्म मेलवर पाठवतो." फोनवरच्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे ज्या क्रमाने रकाने ठेवले आहेत त्याच क्रमाने ती विचारतात. पण एवढ्या सगळ्या संभाषणात "पाय टेकवता येतोय का?" हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तो प्रश्न पहिला का हवा, हे तुमच्या वैद्यकीय विभागाला ठाऊक असणारच. कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये घोट्याच्या दुखापतीसाठी काही साधे नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकाशी दाबल्यावर दुखतं का? दुखापत झाल्याझाल्या आणि तपासणीच्या वेळी चार पावलं टाकता येतात का? घोट्याभोवती दुखत असून हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. यातलं काहीच नसेल तर बहुधा गरज नसते. पावलाच्या मधल्या भागासाठीही असेच नियम आहेत. आज जगभरच्या अपघात विभागांत ते वापरले जातात. फोनवरून निदान करा असं माझं म्हणणं नाही. पण प्रशिक्षित परिचारिका फोनवर असेल तर सोबतच्या माणसाला कुठे बोट ठेवायचं ते ती सांगू शकते, आणि रात्र हॉटेलवर पाय उंच ठेवून काढायची की आत्ताच निघायचं हे दोन मिनिटांत ठरू शकतं.

निघायचं ठरलं तर कुठे, हा पुढचा प्रश्न. इथे तर तुमच्याकडे जेवढी माहिती आहे तेवढी दुसऱ्या कुणाकडेच नसेल. जर्मनीत तातडीचं पण जिवावरचं नसलेलं दुखणं असेल तर ११६११७ हा नंबर आहे. इंग्लंडमध्ये तेच काम १११ करतो. युरोपीय संघात कुठेही ११२ लागतो, पण तो खऱ्या आणीबाणीसाठी आहे. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयात अपघात विभागात झालेल्या उपचारांचे पैसे परदेशी पाहुण्याकडूनही घेत नाहीत, पण रुग्णाला दाखल करून घेतल्यावर चित्र बदलतं. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार आणीबाणी विभागाला कुणालाही तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही, मात्र त्याचं बिल चुकत नाही, आणि दोन टाके घालायला तिथे गेल्यावर येणारं बिल साध्या अर्जंट केअर दवाखान्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. रोजच्या क्लेममधून तुम्ही ते शिकला आहात. मग "जवळच्या दवाखान्यात जा" एवढंच का सांगता? योग्य दारात पाठवलंत तर रुग्णाचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही वाचतील.

आता पैशांबद्दल. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर तुमची कॅशलेस सोय असते. दाखल न होता घेतलेल्या उपचारांसाठी मात्र बहुतेक वेळा आधी स्वतः पैसे भरायचे आणि नंतर मागायचे. त्यावर वजावट, म्हणजे बिलातली जी ठरावीक रक्कम तुम्ही देत नाही आणि ज्याची त्यालाच सोसावी लागते ती. ५० किंवा १०० डॉलरची वजावट मोठ्या आजारपणात जाणवतही नाही. मुरगळलेल्या पायाच्या तपासणीत मात्र अर्धं बिल किंवा सगळंच बिल तीच गिळते. लोकांना हे लवकर कळतं. एकदा का "यातून मिळणार काहीच नाही" असं मनात बसलं की माणूस दवाखान्यात जायचंच टाळतो. वेदनाशामक गोळी घेतो, क्रेप बँडेज गुंडाळतो, गटाबरोबर चालत राहतो. विशेषतः ज्येष्ठ मंडळी. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल आणि वर खर्चही होईल, ही दोन ओझी ती एकदम उचलतात.

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण लहान दिसणारी दुखापत दर वेळी लहान नसते. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात दुखत असेल तर तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि ते पहिल्या एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून डॉक्टर आधार देऊन हात बांधतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असतो. दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचं दुखरं होतं. बरं, हा दुसरा एक्स-रे येतो कधी? सहल संपून माणूस घरी पोचल्यावर. आणि तुमची पॉलिसी? तीही तोवर संपलेली असते. दुखापत प्रवासात झाली, डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लेखी सांगितलं, तरी त्या तपासणीचा खर्च बहुतेक पॉलिसींमध्ये बसत नाही. हे मला कुठल्याही बाजूने न्याय्य वाटत नाही.

याहून गंभीर गोष्ट प्राण्यांच्या ओरखड्यांची. पर्यटनस्थळी माकड हातातली पिशवी ओढतं, नख लागतं. मांजर किंवा कुत्रं खेळता खेळता चावतं. जखम एवढीशी, रक्तही जेमतेम आलेलं. रेबीजच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: जखम ताबडतोब साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, ओरखडा असला तरी लस सुरू करायची, आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर ज्याने पूर्वी लस घेतलेली नाही त्याला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यायचं. हे इम्युनोग्लोब्युलिन लसीच्या पहिल्या डोसनंतर सात दिवसांच्या आतच देता येतं. ते सगळीकडे मिळत नाही. कधी शेजारच्या शहरात, कधी शेजारच्या देशात जावं लागतं. लक्षणं दिसू लागली की हा आजार जवळपास नेहमीच प्राण घेतो. अशा माणसाचा फोन आला तर तो "किरकोळ, ओपीडी" म्हणून रांगेत मागे टाकता येणार नाही. फोन उचलणाऱ्याने सगळ्यात आधी "जखम धुतलीत का?" हे विचारायला हवं, आणि इम्युनोग्लोब्युलिन आज कुठे मिळेल हे शोधण्याचं काम तुमच्या केंद्राने अंगावर घ्यायला हवं. एका देशात पहिला डोस, दुसऱ्यात दुसरा आणि घरी उरलेले, अशी ही लस चालते. तिचा प्रत्येक डोस त्याच एका घटनेचा उपचार आहे. पॉलिसीची शेवटची तारीख उलटली म्हणून शेवटचे डोस नाकारू नका.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण हा त्रास तुम्हालाही नवा नाही. जिथे दवाखाने सगळं डिजिटल देतात तिथून सही-शिक्क्याचं मूळ बिल कसं आणायचं? निदान तिथल्या भाषेत लिहिलेलं असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर रुग्णाने स्वखर्चाने का करून आणायचं? तुमच्याकडे त्या भाषा वाचणारी माणसं आहेत. अमेरिकेत रुग्णालयाचं बिल वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, आणि दुसरं बिल कधी कधी आठवड्यांनंतर टपालाने येतं. ते येईपर्यंत तुमची कागद सादर करायची मुदत संपत आलेली असते. पहिल्या फोनवर केस नंबर देता, त्याच वेळी त्या प्रकारच्या दुखापतीला नेमके कोणते कागद लागतील हे एका संदेशात पाठवलंत, तर दवाखान्यातून निघण्यापूर्वीच ते मागून घेता येतील. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदान, दुखापतीची तारीख आणि ती कशी झाली एवढं लिहून घ्या, असं कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझ्या गटांतल्या कितीतरी लोकांचे परतीनंतरचे महिने मनस्तापाविना गेले असते.

प्लास्टर घातलं असेल तर परतीचं विमान हा नवाच पेच असतो. ताज्या प्लास्टरच्या आत सूज वाढते, म्हणून बहुतेक विमान कंपन्या दोन तासांपर्यंतच्या उड्डाणासाठी प्लास्टर घालून किमान २४ तास आणि त्याहून लांबच्या उड्डाणासाठी ४८ तास झालेले असावेत असं म्हणतात. लवकर जायचंच असेल तर प्लास्टर लांबीत चिरून घ्यावं लागतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना रुग्ण उद्या उडणार आहे हे माहीत नसतं, रुग्णाला हा नियम माहीत नसतो, आणि विमानतळाच्या काउंटरवर सगळं उघड होतं. तुम्हाला परतीची तारीख माहीत असते, कारण ती पॉलिसीवर छापलेली असते. ही सांगड तुमच्याशिवाय कोण घालणार? थांबणं भाग पडलं तर रुग्णाचा आणि सोबतच्या एका माणसाचा राहण्याचा, तिकीट बदलण्याचा खर्च "रुग्णालयात दाखल नव्हता" या कारणाने नाकारू नका. पाय प्लास्टरमध्ये असलेली व्यक्ती एकटी मागे राहू शकत नाही.

एका गोष्टीवर मला जरा कडक बोलायचं आहे. माझ्या गटातल्या एका ज्येष्ठ बाई ओल्या पायरीवर घसरल्या, मनगट मोडलं. क्लेम नाकारला गेला. कारण दिलं की त्यांना हाडांच्या ठिसूळपणाचं औषध चालू आहे, म्हणजे हा आधीपासूनचा आजार. पायरी ओली होती, पाय घसरला, बाई पडल्या. ठिसूळपणाने कुणी घसरत नाही. पडण्याचं कारण अपघाताचं असेल तर तो अपघात मानला पाहिजे. साठी ओलांडलेल्या माणसाच्या शरीरात काही ना काही जुनं असणारच, आणि त्याच वयाच्या लोकांकडून तुम्ही सर्वांत जास्त प्रीमियम घेता. हे औषध त्या लपवत नव्हत्या. अर्जात त्याचा रकानाच नव्हता.

विमा लागू नसलेल्या गोष्टींची यादी तुम्ही देता हे खरं आहे. पण ती विकताना सांगा. गाडीचा परवाना असलेला माणूस भाड्याची स्कूटर चालवतो आणि पडतो. दुचाकीचा परवाना नसेल तर क्लेम मिळणार नाही, हे त्याला स्कूटर घेण्यापूर्वी कळायला हवं. आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचे नमुने १९४९ च्या जिनिव्हा आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारांतून आले आहेत, आणि कुठला देश कोणता नमुना मानतो यात फरक आहे. सामान्य प्रवाशाने हे शोधत बसावं ही अपेक्षाच चूक आहे. तो ज्या देशात चालला आहे तो देश तुमच्या अर्जात लिहिलेला असतो. त्या देशापुरतं चार ओळींत सांगा. "साहसी खेळ" म्हणजे काय हेही सांगा. बर्फावर चालणं त्यात येतं का? मास्क लावून उथळ पाण्यात मासे बघणं? भाड्याची सायकल? दोन कंपन्यांची उत्तरं मला कधीच एकसारखी मिळालेली नाहीत.

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, त्यामुळे असंख्य लोक पॉलिसी घेतात ती व्हिसाच्या फाइलमध्ये लावायला. तुम्हीही ती तशीच विकता. पण २००९ च्या ज्या युरोपीय नियमावलीत ही अट आहे, तिच्यात वैद्यकीय कारणाने मायदेशी परत नेणं आणि आणीबाणीचे रुग्णालयातले उपचार यांच्याबरोबर तातडीची वैद्यकीय मदत हीसुद्धा स्वतंत्रपणे लिहिली आहे. नियम लिहिणाऱ्यांनी दाखल न होणारा रुग्णही डोळ्यांपुढे ठेवला होता.

आणि हे सगळं व्यवहारात अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघातात जखमी होणाऱ्या प्रत्येकासाठी, चूक कुणाची हे न विचारता, सरकारी भरपाई योजना चालते. पाहुणा म्हणून आलेला पर्यटक तिथे पडला तर त्याच्या दुखापतीच्या उपचारांनाही ती मदत करते. घोटा मुरगळलेला माणूस दवाखान्यात जातो, डॉक्टर फॉर्म भरतात, उपचार सुरू होतात. तिथेही रुग्णाला काही वाटा भरावा लागतो, आणि बुडालेली सहल किंवा घरी परतण्याचा खर्च त्यात येत नाही, म्हणजे तुमची गरज तिथेही उरतेच. पण लहान दुखापतीला आधी उपचार आणि मग हिशेब, असा क्रम एक अख्खा देश पाळू शकतो, तर ठरावीक दिवसांची पॉलिसी विकणारी कंपनीही तो पाळू शकते.

म्हणून मागते आहे ते असं. पहिला फोन प्रशिक्षित परिचारिकेने किंवा डॉक्टरांनी घ्यावा, आणि ओळख पटवण्याचे प्रश्न दुखापतीच्या प्रश्नांनंतर यावेत. परदेशातल्या कुठल्याही फोनवरून लागणारा नंबर पॉलिसीच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत असावा, आणि संदेश पाठवूनही मदत मागता यावी, कारण दुखत असताना परक्या भाषेत बोलण्यापेक्षा फोटो पाठवणं सोपं असतं. ठरावीक लहान रकमेपर्यंतच्या दुखापतीच्या उपचारांना वजावट लावू नये. प्रवासात झालेल्या दुखापतीची डॉक्टरांनी लेखी सांगितलेली पुढची तपासणी, टाके काढणं आणि लसीचे उरलेले डोस घरी परतल्यावरही काही आठवडे मान्य असावेत. प्रीमियम थोडा वाढणार असेल तर तसं सांगा. माझ्या गटांतली माणसं तो भरतील, कारण मोठ्या आजारपणाची भीती त्यांना असते खरी, पण पाय मुरगळण्याचा अनुभव त्यांच्यातल्या बहुतेकांनी घेतलेला आहे.

तुमच्यापैकी जी कंपनी यातली एखादी गोष्ट करायला तयार असेल, तिने तसं जाहीरपणे लिहावं. सहलीआधी गटाची बैठक होते, तेव्हा कुठला विमा घ्यावा हे लोक मलाच विचारतात. ते उत्तर मी त्यांच्यासमोर जसंच्या तसं वाचून दाखवीन.

आपली,
परदेशी सहलींचे गट घेऊन जाणारी एक टूर लीडर